टेकू काढायचा दिवस

भिंतीवर नोआगानं खडूनं शब्द लिहून ठेवलेत.
पाया. जोतं. ओळंबा. रेटा.
त्याचं अक्षर वाकडं, भिंत मात्र सरळ.
मला अजून सगळं वाचता येत नाही
पण ओळंबा कळतो:
दोरीला बांधलेला सायकलचा नट,
कुणाच्याही सांगण्यावरून तिरका न होणारा.
आमच्या गावात असा माणूस मी पाहिलेला नाही.

दोन हंगाम मी नुसत्या विटा वाहिल्या.
डोक्यावर सहा, अंगात जोर असला तर आठ.
कच्च्या विटा, उन्हात वाळलेल्या.
भाजायला लाकूड आणायचं कुठून?
सासऱ्यांच्या वेळी छताला तुळया होत्या म्हणे.
आता तुळई हा शब्द तेवढा शिल्लक आहे,
झाडं त्या शब्दातून निघून गेली.
मग पत्रा आला.
पत्र्याखाली चैत-वैशाखात
मेणबत्तीसुद्धा कंबरेत वाकते,
माणसाचं काय घेऊन बसलात.

म्हणून ही कमानीची छतं.
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तार ताणायची,
तारेवर सरकती दोरी, दोरीला गाठ.
गाठ पोचेल तिथे वीट.
बस्स, एवढीच भूमिती.
पहिली वीट मागच्या भिंतीला रेलते,
दुसरी पहिलीला,
आणि सगळ्यांच्या खाली
नुसती हवा, आणि एक कोंबडी.

पहिल्यांदा वर चढले तेव्हा
चौथ्या विटेलाच उतरले.
म्हटलं, पडेल.
नोआगा खालून गारा कालवत म्हणाला,
"पोको, पडलीस तर तू पडशील. ती नाही."

कमानीला खोड एकच,
बाजूच्या भिंतींना ती ढकलत राहते.
तोच रेटा.
तो अडवायचा म्हणून भिंत हातभराहून जाड.
सासूबाई येऊन बघून गेल्या.
"सगळी माती भिंतींनीच खाल्ली," म्हणाल्या,
"माणसांना काय ठेवलंस?"
मी थापी चालवत राहिले.
बोलण्याचाही रेटा असतोच,
त्याला कुणी जाडी सांगितलेली नाही.

दाराची कमान मात्र अशी अधांतरी होत नाही.
तिच्या पोटात कोरड्या विटांचा टेकू रचायचा,
वरून कमान बांधायची, थांबायचं.
अकरा दिवस थांबलो.
बाराव्या सकाळी सगळ्यांना एकदम कामं आठवली.
एक पाणी आणायला गेला,
एक शेळ्या बघायला,
नोआगानं चपलेचा अंगठा शिवायला घेतला
आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

मी खाली उभी राहिले.
एक वीट काढली. मग तिच्या शेजारची.
थोडी माती गळली, मानेवरून पाठीत गेली.
शेवटची निघेना.
हलवली, शिवी घातली, ओढली.
ती हातात आली
आणि वर काहीच झालं नाही.
एवढं मोठं काहीच नाही
मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

रात्री आबिजानहून रासमानेचा फोन.
तो तिथे एकविसाव्या मजल्यावर स्लॅब ओततो.
"सळई किती लागली?"
"एकही नाही."
"सिमेंट?"
"नाही."
तो गप्प. मागे कुठलंसं यंत्र घरघरत होतं.
"मग ते उभं कशावर आहे?"
मी सांगितलं, पडण्यावर.
प्रत्येक विटेला पडायचंय
आणि प्रत्येकीच्या वाटेत शेजारीण आहे.
तो हसला. मग म्हणाला,
"दार किती उंच ठेवलंस?"

त्याच्या उंचीचं ठेवलंय.
जुन्या घराच्या चौकटीला
त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता,
पाडायच्या आधी मी तिथवर दोरी धरली होती.
हे त्याला सांगितलं नाही.
म्हटलं, ये आणि बघ.

आत सगळ्यात आधी शिरली
तिबोची काळी शेळी,
ओल्या गिलाव्याला शिंग घासून गेली.
तो ओरखडा अजून आहे.
नोआगा म्हणतो, बुजव.
बुजवीन.