बेरी

शनिवारी लोणी कढवलं. डंडीत मिळतं ते,
सोनेरी कागदातलं, बिनमिठाचं.
तूप बरणीत गेलं, तळाशी राहिली बेरी,
कढईला धरलेली, खमंग, तांबूस.
लहानपणी तिच्यात साखर घालून आम्ही तिघं भांडायचो.
इथे भांडायला कोणी नाही.
कारकून होता.

कारकून म्हणजे कुत्रा. दाढी, मिशा,
चष्म्यावरून पाहिल्यासारखं बघणं,
म्हणून केतकीनं ठेवलेलं नाव.
मी कढई खाली ठेवली. त्यानं ती दोनदा चाटली,
मग हिशेब तपासावा तशी पुन्हा एकदा.

रविवारी रात्री पुढचे पाय जमिनीला टेकून,
मागची बाजू उंच करून तो नुसता थांबला.
मला वाटलं, खेळायला बोलावतोय.
मी चेंडू टाकला.

"काही वेगळं खाल्लं का?" डॉक्टर लॉरीनं विचारलं.
"नाही, रोजचंच," मी म्हणालो.
सत्तावीस वर्षांत माझं इंग्रजी
इतकं सफाईदार कधी आलं नव्हतं.

तिनं चित्र काढलं. जठरामागे एक लांबट पान.
स्वादुपिंड, मी मनात म्हटलं.
जे रस आतड्यात जाऊन जागे व्हायचे
ते घरातच जागे झालेत,
आणि घरालाच पचवतायत.
सूज. रक्तातलं पाणी झिरपून बाहेर. दाब खाली.
मग तिचं पेन, मध्ये एकही रेघ नसताना,
उडी मारून घेवड्याच्या दोन दाण्यांवर आलं.
यांचा काय संबंध?
"यांना रक्त लागतं. भरपूर. ते पोचत नाहीये."
मूत्रपिंड.

पिंड आणि पिंड, एकाच आडनावाचे.
तिसऱ्या पिंडाचा विचार मी केला नाही.
केला.

क्रिएटिनिन दोनशे दहा. मंगळवारी तीनशे चाळीस.
पायात सलाइन, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं,
नळीच्या टोकाला पिशवी, कोरडी.
नऊ वर्षं मी या प्राण्यावर ओरडत आलो:
गालिच्यावर नको, मिसेस गेडिसच्या गुलाबांवर नको,
टे नदीकाठच्या बाकाला तर नकोच नको.
आता रात्री अकराला फोन करून
परक्या बाईला विचारत होतो,
झाली का त्याला?

बुधवारी, पहाटे चारला: अकरा मिलिलिटर.
बाळाचं वजन सांगतात तसा तिनं आकडा सांगितला.
तेव्हा मी म्हणालो, बेरी.
"कुठली बेरी?" ती दचकली. "द्राक्षं नाहीत ना? मनुका?"
नाही, नाही. फळ नव्हे.
आणि मी, पहाटे, फोनवर, बेरी समजावू लागलो:
लोण्याचं उरलेलं. करपायच्या अलीकडचं.
सगळ्यात चांगलं तेच असतं.
ती गप्प होती. मग म्हणाली,
"पुष्कळदा कारण सापडतही नाही."
हे वैद्यक होतं की दया, मला अजून ठरवता आलेलं नाही.

नवव्या दिवशी घरी आला, हाडं मोजता येतील असा.
मूत्रपिंडाचा गेलेला भाग आता येणार नाही.
राहिलेल्यावर भागवायचं.
खाणं डब्यातलं, बिनचरबीचं;
तो ते सरकारी कागदासारखं हुंगतो.

तूप अजून कढवतो. कढईत लगेच उकळतं पाणी.
तो येऊन बसतो, चष्म्यावरून बघतो.
हिशेब आता मीच लिहितो, फ्रिजवरच्या कॅलेंडरवर, रोज रात्री:
पाणी सहाशे.
शू पाच वेळा.
एकदा गालिच्यावर.