पांढरे हातमोजे

दिवसा तेल चालत नाही.
एक थेंब हौदात उतरला तरी
कागदावर माशाच्या डोळ्यासारखा डाग उमटतो,
आणि घाऊकवाला तो ताव उजेडात धरून
काही न बोलता बाजूला ठेवतो.
म्हणून सावाएचे हात
पहाटे पाचपासून दिवेलागणीपर्यंत उघडे,
आणि पाणी असं, की वरचा बर्फाचा पापुद्रा
आधी कोपरानं फोडावा लागतो.

कागद थंडीतच चांगला होतो,
असं आमच्या खोऱ्यात सगळे म्हणतात.
हातांना कुणी विचारलेलं नाही.

मी एकतीस वर्षं बस चालवली,
स्टेशनापासून घाटातल्या देवळापर्यंत,
दिवसाला सहा फेऱ्या.
कंपनीच्या पांढऱ्या हातमोज्यांत राहून राहून
माझे हात शाळामास्तराचे असावेत तसे झाले.
त्याची मला लाज वाटते, पण फक्त रात्री,
जेवणं उरकल्यावर,
रजई घातलेल्या उबेच्या मेजावर
ती आपले दोन्ही पंजे माझ्यापुढे ठेवते तेव्हा.
दुरुस्तीला टाकलेल्या छत्रीसारखे.

आधी तांदळाचं धुवण, कोमट.
कढत नको, कढत पाण्यानं भेगा तोंड उघडतात.
मग टिपून घ्यायचं. पुसायचं नाही,
हे शिकायला मला एक हिवाळा लागला.
मग कॅमेलियाच्या बियांचं तेल,
बशीत तीन थेंब, तळहातावर कोमट करून.
अंगठ्याच्या पेराशी सगळ्यांत खोल भेग आहे.
तिथे बोट गेलं की सावाए श्वास आत ओढते
आणि टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या मुलाला नावं ठेवते.

मिहोकोनं नागोयाहून क्रीमची ट्यूब पाठवली होती.
गुलाबाच्या वासाची.
सावाएनं झाकण उघडलं, हुंगलं, लावलं.
झाकण. हाताला नाही.
"हा वास घेऊन मी जाऊ कुठे?"
ती ट्यूब आता मी संपवतोय.

काल नखांचं काढलं.
मधल्या बोटाचं नख उभं चिरलंय,
ओला ताव उचलताना त्यात तंतू अडकतो
आणि कोपऱ्यापासून कागद उसवत जातो.
मी नेलकटर घेतलं, आणि थांबलो.
रात्री नखं कापली
तर आईबापाच्या शेवटच्या घटकेला पोचता येत नाही,
असं आम्हा दोघांनाही लहानपणी दटावलेलं.

"काप," सावाए म्हणाली.
"मी कधीच रात्री कापली नाहीत.
बाबा गेले तेव्हा कोपरापर्यंत हौदात होते,
आई गेली तेव्हाही.
आईचा निरोप तूच आणलास ना,
बस रस्त्यात उभी करून?"

हे मी विसरलो होतो.
अकरा उतारू होते त्या दिवशी.
मी धावत ओढ्याच्या कडेनं शेडपर्यंत गेलो, परत आलो,
आणि कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही.
एका म्हातारीनं फक्त
माझे मोजे चिखलले म्हणून रुमाल पुढे केला.
सावाएनं मात्र तो ताव पुरा केला होता.
अर्धा सोडला तर लगदा फुकट जातो, म्हणाली होती.
मला तेव्हा राग आला होता. सांगितला नाही.

मी नख कापलं.
कानशीनं एकाच दिशेनं घासलं,
कडेवर पुन्हा तेल दिलं.
कपाटात माझे एकोणीस जोड पडून आहेत,
त्यांतला एक तिच्या हातांत चढवला.
बोटं जरा मोठी होतात तिला,
टोकं पाळीव सशाच्या कानांसारखी लोंबतात.

रात्री केव्हातरी जाग आली.
बाहेर बर्फ छपरावरून घसरत होता.
अंधारात पांढरे हात हलत होते,
पुढे, मागे, जरासे डावीकडे,
ती झोपेत चाळण हलवत होती
की माझी बस वळणावरून काढत होती, कळेना.
उठवलं नाही.
डोळे मिटून
पुढचा थांबा कोणता, ते आठवत राहिलो.