मोजणी

कोपरीत, खाडीकडे पाठ करून
बसलाय कॅप्टनचा बंगला.
पाडण्याआधी नकाशा हवा,
म्हणून मी आणि मढवी, फीत घेऊन.

भिंत सव्वादोन फूट, चुन्यातली.
आढं अठरा फुटांवर,
उकाड्याने वर जाऊन बसावं म्हणून.
तिन्ही अंगांना व्हरांडा, सागवानी झडपा,
आणि दिवाणखान्यात,
मढवी मोठ्याने हसले,
चक्क शेकोटी.
ठाण्यात!

धुराड्यात हात घातला.
काजळी नाही. पाकोळीची चार पिसं.
एक काटकीसुद्धा कधी पेटली नसावी इथे.
साहेब आपली थंडी सोबत घेऊन आला असणार,
तिला ठेवायला त्याने कोनाडा केला, संगमरवरी.

न्हाणीला बाहेरून वेगळं दार, बुटकं.
कुणासाठी, ते मढवींनी विचारलं नाही.
रुंदी बावीस इंच, एवढंच म्हणाले.

मग मागच्या भिंतीत, वर, एक भोक.
आत गंजकं चाक. पंख्याची दोरी
इथून बाहेर यायची.
बाहेर फरशी. फरशीत उथळ खळगा.

मढवींनी चप्पल काढली,
टाच टेकवली.
बसली.

काही वेळ फीत गुंडाळायची राहिली.

खोली: पाऊण इंच.
वारा आत जायचा, माणूस बाहेर.
नकाशाच्या खुणांमध्ये दार आहे, खिडकी आहे,
जिना, गटार, झाडसुद्धा आहे.
याला खूण नाही.
मी पेन्सिलीने छोटा गोल काढला
आणि शेजारी लिहायला गेलो.
टोक मोडलं.

मढवी अजून एका पायावर उभे.