गुडघ्याचे पट्टे

डुलुथच्या या चढावर अकरा हिवाळे मी टपाल वाटतेय,
कुणाचे गुडघे कसे आहेत ते मला चालीवरून कळतं.
हिल्या निएमीचे ठणठणीत. एकोणऐंशीव्या वर्षी
स्वतः बर्फ ओढते, माझ्यासाठी पायरीवर मीठ टाकते.
तरी मार्चात तिच्या नावे खोकं आलं: गुडघ्याचा पट्टा.
मग दुसरं. मग कमरेचा. मग मनगटाचे दोन,
जणू कुणी तिलाच
तुकड्यातुकड्यांनी परत पाठवत होतं.

सहाव्या खोक्याला तिनं मला आत घेतलं.
कॉफी, वेलचीचा पाव.
सरोवरावरच्या खनिजाच्या बोटीकडे बघत म्हणाली,
"दर मंगळवारी फोन यायचा. ब्रायन म्हणे, मेडिकेअरमधून.
पहिला प्रश्न, ऐकू येतंय ना? मी म्हटलं, हो.
दुसरा, रात्री झोप लागली का?
आर्वो गेल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं गं.
तिसऱ्या मंगळवारी म्हणाला, कागदी कार्ड आज रात्री बाद,
प्लास्टिकचं देतो, फुकट, फक्त नंबर वाचा.
मी चष्मा शोधायला गेले.
तो थांबला. सावकाश, म्हणाला."

मला वाटलं आता रडेल.
पण चाळीस वर्षं गोदीवर खनिजाची वजनं मांडलेली बाई ती;
तिमाही पत्रक पुढ्यात, पेन्सिल टोकदार.
न पाहिलेला डॉक्टर, फ्लोरिडातला: रेघ.
न दिलेलं रक्त: रेघ.
फोन तिनंच लावला, पत्रकावर छापलेल्या नंबरवर,
ब्रायननं दिलेल्या नव्हे.
पाऊण तास ताटकळली, तिकडचं संगीत ऐकत,
आणि जुना नंबर मोडीत काढून नवा घेतला.
मी खोक्यांवर शिक्के मारले: नाकारलं, नाकारलं.
एक तेवढं आधीच फोडलेलं होतं.
त्या पट्ट्यानं तिनं सफरचंदाचं वाकलेलं रोप
खुंटाला बांधलं. बसलंय नीट.

आता कार्ड पिठाच्या डब्यामागे.
अनोळखी फोन आला की ती उचलते, बोलत नाही;
समोरचा विचारतो, ऐकू येतंय ना?
तिला सगळं ऐकू येतं.
मागे बसलेल्या पन्नास ब्रायनांची कुजबुजसुद्धा.
"हो" मात्र ती तोंडातच ठेवते,
साखरेच्या खड्यासारखा, आणि रिसीव्हर खाली.

फक्त मंगळवारी, दहाच्या सुमारास,
ती फोनजवळची खुर्ची अजून थोडी वळवून बसते.
ते मला दारातून दिसतं.
म्हणून हल्ली पत्रं पेटीत टाकत नाही, दार वाजवते.
झोप लागली का, विचारते.
ती कधी हो म्हणते, कधी नाही, कधी मलाच उलट विचारते,
आणि खरं सांगायचं तर मलाही लागलेली नसते.

सुपरवायझरनं टोकलं, मंगळवारी वीस मिनिटं कुठे जातात?
चढ आहे, म्हटलं.