गुड

रविवार कारंजाजवळ, चष्म्याच्या दुकानावर
लाकडी जिना चढून आलं की माझा वर्ग.
पंखा एक, माणसं सात.
पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी वहीत उतरवलं:
गुड म्हणजे चांगला.
मी खाडाखोड केली नाही.

सातपूरच्या लेथवरून थेट येणारा भागवत गांगुर्डे
तिसऱ्या दिवशी म्हणाला, मॅडम,
आमच्यात गुड म्हणजे मापात बसलेला.
आरशासारखा चमकू दे,
दोन मायक्रॉन जास्त भरला की भंगार.

शमीम म्हणाली, वॉर्डात रात्र गुड गेली
म्हणजे कुणी दगावलं नाही.
एवढंच.

मग मोहाडीच्या पॅकहाउसातली उज्ज्वला कडलग.
परदेशी पाहुण्यानं मणी तोंडात टाकला,
छताकडे बघत म्हणाला, इंटरेस्टिंग.
आमच्या साहेबांनी पेढे आणवले.
शेजारच्या शेडमध्ये तोच म्हणाला, नॉट बॅड,
आणि तिथून सहा कंटेनर गेले.
वर्ग हसला. उज्ज्वलाही.

मी म्हटलं, आपलं तरी काय वेगळं?
चांगलं पोरगं, आणि चांगलंच बदडलेलं पोरगं.
चांगली मिसळ: नाकाडोळ्यांतून पाणी.
दवाखान्यातून फोन येतो, बरा आहे,
आणि आपण देवापुढे साखर ठेवतो.
स्थळ बघून आलेली आत्या म्हणते, बरा आहे,
आणि ते स्थळ तिथंच संपतं.

पेढ्यांना मी हसले नव्हते,
ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

नाशिकरोडच्या कचेरीत सव्वीस वर्षं.
एका मार्चात गोपनीय अहवाल हाती आला,
साहेबांच्या शाईच्या पेनातलं वळणदार: गुड.
घरी येऊन मी शिरा केला, बेदाणे घालून.
बढतीची यादी लागली तेव्हा कळलं,
त्या शब्दाच्या वर दोन पायऱ्या होत्या,
आणि त्या रकान्यात
गुड म्हणजे नको.

आज उज्ज्वलानं निबंध दिला.
द्राक्षाच्या घडावर कात्री कशी चालवायची
यावर दीड पान, अकरा चुका.
कशी आहे मॅडम, म्हणून ती उभीच राहिली,
बोटांना कात्रीचे घट्टे.
सवयीनं मी लाल पेनानं लिहिलं, गुड.
थांबले.
त्याच्या खाली मराठीत लिहिलं:
वाचता वाचता चहा गार झाला.