दर दोन तासांनी

बिल्ल्यावर माझं नाव गुजरातीत आहे,
सुमेधा घोरपडे, शिरोरेघेशिवाय.
आई म्हणाली, डोक्यावरचा पदर
सरकल्यासारखं दिसतंय गं ते.

परमार सिस्टरनी सहा महिने
एका रबरी माणसावर शिकवलं.
त्याला आम्ही जावईबापू म्हणायचो.
तो नुसता पडून असायचा
आणि सगळे त्याचं करायचे.
चादरीवर सळ राहू नये,
सळ राहिले की कातडी सोलते,
सोलली की आतलं हाड दिसतं.
अभ्र्याचं तोंड दाराकडे नको.
का, ते मी विचारलं नाही,
परीक्षेत अर्धा गुण गेला तेव्हाही.

दांडिया बाजारातली मावशी विचारते,
नक्की काय काम असतं?
मी म्हणते, ताप बघणं, नाडी बघणं.
भांड्याचं सांगत नाही.
थंडीत ते स्टीलचं भांडं
मी आधी गरम पाण्यानं विसळून घेते,
हेही सांगायचं राहून जातं.

खाट अकरा. मनहरभाई.
राजमहाल रोडला इस्त्रीची लारी, चाळीस वर्षं.
उजवं अंग गेलं, बोलणं गेलं.
दहा, बारा, दोन, चार,
दर दोन तासांनी मी त्यांना वळवायची.
ते पडखुं म्हणत असतील, मी कूस म्हणते.
एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली,
गुडघ्यांमध्ये उशी.
त्यांचं वजन माझ्या कोपरावर यायचं,
आधी जरासं,
मग सगळंच.

एका पहाटे चारला मी घाई केली.
हात धुऊन वळले, तर मागून आवाज.
सळ.
अर्धा शब्द लाळेत बुडालेला,
पण त्यांच्याही भाषेतला, माझ्याही.
डाव्या तळव्यानं ते चादर दाबत होते,
जिथवर पोचत होतं तिथवर,
लोखंड तापलंय अशा बेतानं.
पलीकडून मी ओढली.
चादर शिरोरेघेसारखी ताठ झाली.
त्यांनी हात उचलला. म्हणजे, पुढचा कपडा.

गुरुवारी आले तर खाट रिकामी.
घरी नेलं का, मी विचारलं.
रात्रपाळीची बाई वहीत सही करत राहिली.

मी नवी चादर घातली, कोपरे मोडले,
अभ्रा चढवला, तोंड खिडकीकडे,
आणि दारात जाऊन उभी राहिले,
येणाऱ्याला इथून काय दिसतं
ते बघायला.

मागे चाकं वाजली.
आघां खसो, बेन.