चुका शून्य

दुपारचे चार, आणि कार्दलात अंधार पडूनही अर्धा तास झाला.
मी कंट्रोल-एस दाबते
तर हा शहाणा लगेच आडवा:
ओळ तीनशे बारा. तिरप्या अक्षरांचा टॅग उघडलाय, मिटलेला नाही.
तरीही जतन करायचं?

आईचे मामा, मिह्केल. दीपगृहाची रोजनिशी,
चौदा वह्या, दोन ठिकाणी रॉकेलचे डाग.
ऑक्टोबरपासून टंकतेय.
त्यांनी एका बोटीचं नाव लिहिलं होतं,
ते मी तिरपं केलं आणि मिटायला विसरले.
झालं. तिथून पुढे सगळंच कलंडलं:
वारा, वातीचा हिशेब, लीनामामीचा खोकला,
बटाट्याचे भाव, धुक्यातला भोंगा,
पश्चिम किनाऱ्यावरची जुनिपरची झुडपं जशी
एकाच अंगाला.

खरं सांगू? वाईट नव्हतं दिसत.

तरी मिटवला. एक तिरकी रेघ, बस्स.
अक्षरं ताठ उभी राहिली,
वर्गात इन्स्पेक्टर आल्यासारखी.

पुन्हा जतन.
आता म्हणतो, चित्र सापडत नाही.
लीनामामीचा फोटो:
दुवा आहे, फाइल नाही.
हे त्यानं मला सांगायला नको होतं.

वही नववी. चव्वेचाळीसचा सप्टेंबर, बावीस तारीख.
मामांचं सुवाच्य अक्षर:
«वारा नैऋत्य. रात्र शांत. समुद्रावर काही दिसलं नाही.»

त्या रात्री सात बोटी गेल्या स्वीडनला.
आख्ख्या गावाला ठाऊक आहे.
एकीत लीनामामीची धाकटी बहीण होती,
मांडीवर शिवणयंत्र घेऊन बसलेली,
आणि मामांनी दिवा, म्हणे, तासभर «दुरुस्तीला» काढला होता.
सकाळी चौकशीला जर्मन आले
तेव्हा ही ओळ वाळलेली होती.

मी ती जशीच्या तशी टंकते.
कंट्रोल-एस.
पट्टी सरकते, थांबते, मला वाटतं आता अडेल,
आता विचारेल काहीतरी...

चुका शून्य. फाइल जतन झाली.

ऐंशी वर्षांत दुसऱ्यांदा
ती ओळ तपासणीतून सुटली.

बाहेर कुणीतरी बर्फ ओढतंय, फावड्याचा आवाज येतोय.
फोटोचं उद्या बघू.
वरच्या खणात असेल, नाहीतर
एल्वीला विचारावं लागेल, आणि एल्वी
फोन उचलत नाही.